वादाने राखलेली घराणी : वेळापूर परिसरातील वतनाच्या कागदांविषयी

वेळापूरचा सर्वांत जुना कायदेशीर कागद दगडाचा आहे. अर्धनारीनटेश्वराच्या देवळाशी निगडित शिलालेखांत शके १२२२ आणि शके १२२७, म्हणजे इ.स. १३०० आणि १३०५, या सालांचे लेख आहेत. दोन्ही देवगिरीच्या रामचंद्रदेव यादवाच्या कारकिर्दीतले. अल्लाउद्दीन खलजीने देवगिरी लुटली ती १२९६ साली. म्हणजे राजधानीवर घाव बसल्यानंतरही माणदेशाच्या या कडेला यादवांचा अधिकारी ब्रह्मदेवराणा धर्मकार्य करीत होता, आणि ते केल्याची नोंद दगडात कोरून ठेवत होता. असा लेख भक्तीपोटी कोरलेला असतो, हे खरेच. पण तो कोणाच्या राज्यात, कोणत्या संवत्सरात, कोणाच्या हुकुमाने, कोणी, कोणासाठी, काय केले हेही सांगतो. पुढे कोणी हक्क सांगायला आला तर त्याला तो दाखवता यावा, हा त्यामागचा हेतू आहे. याच काळातल्या अनेक दानलेखांखाली दान मोडणाऱ्यासाठी गद्धेगाळ कोरलेली दिसते. ती शिवी म्हणजे त्या काळची दंडाची तरतूद होती. इथून दिवसाभराच्या चालीवर पंढरपूर आहे. तिथल्या चौऱ्यांशीच्या शिळेवर शके ११९५ ते ११९९ या वर्षांतल्या देणगीदारांची नावे ओळीने कोरली आहेत. तीही एका अर्थाने नोंदवहीच आहे.

वेळापूर, अकलूज, माळशिरस, नातेपुते या पट्ट्यातल्या जुन्या घरांत गेले की वडीलधारी माणसे सांगतात, आमचे घराणे यादवांच्या वेळेपासूनचे. ती श्रद्धा मनापासूनची असते आणि तिचा मान राखायला हवा. पण शिलालेखातल्या राण्यापासून आजच्या उंबऱ्यापर्यंत बाप आणि मुलगा, बाप आणि मुलगा अशी सलग साखळी कागदाने जोडता येत नाही. दगडावर नाव येते ते अधिकाराचे. वंश दगडावर उतरत नाही. वंश लिहून ठेवायची गरज पडली ती पुढे, हक्कावरून दोन घरे एकमेकांसमोर उभी राहिली तेव्हा. या पुस्तकाचा विषय तिथून सुरू होतो.

इंग्लंडातल्या मध्ययुगीन जमीनदार घराण्यांवर काम करणारे अभ्यासक ज्या साधनांवर जगतात ती साधने पाहिली की आपला प्रश्न जास्त स्पष्ट होतो. तिथे ११९५ सालापासून जमिनीच्या तडजोडीची एक पद्धत रूढ झाली. एकाच चामडी पानावर तोच करार तीनदा लिहायचा, मग नागमोडी रेषेत कापून दोन तुकडे दोन पक्षांना द्यायचे आणि खालचा तिसरा तुकडा राजाच्या खजिन्यात ठेवायचा. पुढे कोणी खोटा तुकडा आणला तर नागमोड जुळत नसे. हे खालचे तुकडे सहा शतकांहून अधिक काळ साठत गेले आणि आज लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्याशिवाय बडा जमीनदार मेला की राजाचे अधिकारी चौकशी करीत : त्याच्याकडे कोणती जमीन होती, वारस कोण, त्याचे वय किती. अशा चौकश्यांच्या आधारे तिथला अभ्यासक तेराव्या शतकातल्या साध्या सरदार घराण्याचीही पाच-सहा पिढ्यांची वंशावळ बांधू शकतो. नॉरफोकच्या पॅस्टन घराण्यासारखी पत्रे एखाद्याच घराची उरली. बाकीची घराणी न्यायालयाच्या दप्तरातूनच कळतात.

आपल्याकडे फरक पडतो तो त्या तिसऱ्या तुकड्यात. इथे निवाडा झाला की मूळ कागद जिंकणाऱ्याच्या हाती जाई. तोच त्याचे वतन. सरकारात नक्कल राहत नसे असे नाही. देशपांड्यांच्या, कुलकर्ण्यांच्या दप्तरांत ती असे. पण सरकारे बुडत गेली. बहमनी गेली, निजामशाही गेली, १६८६ साली विजापूर पडले आणि आदिलशाही संपली. त्यांची दप्तरे त्यांच्याबरोबर विखुरली. उरले ते घरांतले कागद : माळ्यावर, देव्हाऱ्याखाली, कळकाच्या नळीत, लाल रुमालात. आपल्या मध्ययुगाचे अभिलेखागार असे हजारो घरांत वाटले गेले. त्या घरांनी ते तीनशे-तीनशे वर्षे सांभाळले याबद्दल इतिहासाने त्यांचे ऋणी असले पाहिजे. मात्र ज्या घराने कागद राखला ते घर वाद जिंकलेले होते, हे वाचणाऱ्याने एक क्षणही विसरता कामा नये.

वतन म्हणजे नुसती जमीन नव्हे. पाटलाला गावाची वहिवाट, इनाम जमीन, बलुत्याबाहेरचे हक्क आणि मानपान. देशमुखाला परगण्याच्या वसुलात ठरलेला वाटा. कुलकर्णी आणि देशपांड्याला लेखणीचा हक्क. होळीची पोळी पहिली कोणाची, पोळ्याला कोणाचा बैल पुढे, लग्नात विडा आधी कोणाला, शिमग्याचा मान कोणत्या वाड्याचा यांवरून पिढ्यान् पिढ्या भांडणे झाली. आजच्या वाचकाला ती क्षुल्लक वाटतात. ती तशी नव्हती. मान हा हक्काचा चालता पुरावा होता. ज्याचा बैल पुढे जातो तो थोरली पाती, आणि थोरल्या पातीकडे शिक्का. एका वर्षी मान सोडला की पुढच्या पिढीत साक्षीदार सांगणार, यांचा बैल मागे असे. म्हणून मानपानाचा कागद हाती आला तर त्यावरून घाईने हात काढू नये. त्यात घराण्याची फूट कोणत्या पिढीत पडली ते नेमके सापडते.

आता महजराकडे येतो, कारण या विषयाचा गाभा तोच आहे.

वाद उभा राहिला की वादी, ज्याला कागदांत अग्रवादी म्हणतात, आणि प्रतिवादी, म्हणजे पश्चिमवादी, दोघांकडून आधी राजीनामा घेत. राजीनामा म्हणजे सभा जो निवाडा करील तो मान्य, अशी लेखी कबुली. मग जामीन. मग प्रत्येकाने तकरीर लिहून द्यायची, आणि वाद जुना असेल तर करीना, म्हणजे घराण्याची हकीकत, मूळ पुरुषापासून. सभा बसे तिला गोत म्हणत. मोठ्या प्रकरणात हवालदार, काजी, देशमुख, देशपांडे, शेटे-महाजन, आसपासच्या गावांचे मोकदम आणि बलुतेदार सगळे हजर असत. आपल्या गावात न्याय मिळणार नाही असे एखाद्याला वाटले तर तो दुसरे स्थळ मागे. साक्षीदाराला नदीच्या पाण्यात उभे करीत, देवाचा बेलभंडारा उचलायला लावीत, पूर्वजांची शपथ घालीत. इकडच्या कागदांत ती नदी बहुधा भीमा, नीरा किंवा कृष्णा असते. एवढ्यावरही गाठ सुटली नाही तर दिव्य. उकळत्या तेल-तुपातून धातूचा रवा हाताने काढायचा. त्याआधी हात धुऊन नखे कापायची, नंतर हाताला पिशवी बांधून तिच्यावर मोहर करायची आणि ठरल्या दिवशी सर्वांसमोर उघडून पाहायचे. हात खरा की खोटा, तसा हक्क खरा की खोटा.

निवाडा झाला की जिंकलेल्याला महजर किंवा निवाडपत्र. हरलेल्याने येजितखत लिहून द्यायचे, की आपण खोटे झालो, या वतनाशी आपल्या वंशाचा संबंध नाही. जिंकलेल्याकडून सरकार हरकी घेई, हरलेल्याकडून गुन्हेगारी. ही रक्कम कधी कधी एवढी जड असे की जिंकलेले घर ती भरण्यासाठी वतनाचा निम्मा भाग विकून टाकी. आणि मग त्या निम्म्या भागावरून तिसऱ्या पिढीत नवा वाद. एकाच गावात दोन वेगळ्या आडनावांची निमे-निमे पाटीलकी दिसली की बहुतेक वेळा मागे असा एखादा खर्च, दुष्काळ किंवा दंड असतो.

महजराच्या अखेरीस सह्या येतात आणि माझ्या मते त्या कागदातला सर्वांत मोलाचा भाग तोच. लिहिता येणारे थोडे. बाकीच्यांच्या निशाण्या : पाटील आणि कुणब्यांचा नांगर, वाण्याचा तराजू, सुताराचे किंकरे, न्हाव्याचा आरसा, शिलेदाराची कट्यार, आणि बाई असेल तर बांगडी. प्रत्येक निशाणीशेजारी नाव, बापाचे नाव, गाव. एका पाटील घराण्याचा हक्क शाबीत करण्यासाठी तिथे चाळीस-पन्नास माणसे आपले नाव ठेवून गेली आहेत. त्यांतल्या बहुतेकांचे दुसरे कोणतेही लिखित चिन्ह जगात उरलेले नाही. घराण्याचा शोध म्हणून आपण कागद उघडतो आणि समोर येतो तो अख्खा गाव. पाटलाच्या वंशाला साक्ष कोणाची, तर गोताची. गोताने सांगितले की अमक्याचा मुलगा अमका, तोच वडील, म्हणून तो वडील ठरला. मोठ्या घराण्याची वंशावळ अशी शेजाऱ्यांच्या तोंडून तयार झाली आहे, हे एकदा लक्षात आले की वाचायची दृष्टीच बदलते. गावाच्या शिवेचा वाद असेल तर महाराच्या साक्षीला सर्वांत वजन असे, कारण शीव त्याच्या पायाखालची. तोच शीव चालून दाखवी आणि तीच हद्द कायम होई. ज्यांच्या शब्दावर गावाची हद्द ठरली त्यांच्या घरांचा इतिहास मात्र कोणी लिहायला घेतला नाही. ही खंत हे पान लिहिताना सतत मनात आहे.

एक नामवंत उदाहरण घेऊ. भोरजवळच्या कारीचे जेधे देशमुख. त्यांच्या घरात दोन गोष्टी राखल्या गेल्या. एक करीना, म्हणजे घराण्याची आणि वतनाची हकीकत. दुसरी शकावली, म्हणजे शके १५४० ते १६१९ या काळातल्या घटनांच्या तिथीवार नोंदी. करीन्यात कान्होजी जेधे अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी वतनावर पाणी सोडून शिवाजी महाराजांच्या बाजूला उभे राहिल्याचा प्रसंग आहे. तो आज शाळेतल्या मुलालाही माहीत असतो. पण तो प्रसंग लिहिला गेला तो घराण्याने आपली निष्ठा आणि त्या निष्ठेवर उभा असलेला हक्क सांगण्यासाठी. त्यामुळे तो खोटा ठरत नाही. फक्त कोणी, कशासाठी आणि कोणासमोर लिहिले, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली उजेडात आणली, आणि तिच्यातल्या एका नोंदीने महाराष्ट्रातला मोठा वाद सुरू केला. शिवाजी महाराजांचा जन्म बखरींत वैशाखातला, शके १५४९ चा मानला जाई. जेधे शकावली फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ सांगते, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पुढे दुसऱ्या पुराव्यांनीही तिला बळ मिळाले आणि आज शासनाची जयंती त्याच तारखेला होते. एका देशमुख घराने आपल्या कामासाठी लिहून ठेवलेली नोंदवही साऱ्या राज्याच्या कालगणनेला उपयोगी पडली.

करीन्यांचा आरंभ बहुधा दुष्काळाने होतो. १३९६ पासून बारा वर्षे चाललेला म्हणून परंपरेत सांगितला जाणारा दुर्गादेवीचा दुष्काळ, त्यात गावे ओस पडणे, आणि नंतर कोणीतरी मूळ पुरुष येऊन गाव वसवणे. ग्रँट डफने नोंदवले आहे की पंधराव्या शतकात बहमनी सरकारने उजाड मुलूख पुन्हा वसवण्याचे काम दादो नरसो काळे आणि एका तुर्की खोजाकडे सोपवले होते. या वसाहतीच्या आठवणी करीन्यांत ओळखू येतात. गाव वसवणारा तो पाटील, हे त्या काळचे तत्त्व. १६३० च्या दुष्काळाने हीच उलथापालथ पुन्हा केली. पोट भरायला परमुलखात गेलेला थोरला भाऊ, मागे राहून वहिवाट चालवणारा धाकटा किंवा गुमास्ता, वीस वर्षांनी परत आलेला थोरल्याचा मुलगा आणि त्याला न ओळखणारा गाव, ही कथा कागदांत इतक्यांदा येते की एखाद्या करीन्यात ती नसली तरच थांबून पाहावे.

वेळापूरच्या मुलखाला औरंगजेबाच्या स्वारीने आणखी एक गुंता दिला. १६८९ च्या आरंभी बादशाहाची छावणी अकलूजला होती. पुढे १६९५ ते १६९९ ती मंगळवेढ्याजवळ भीमाकाठच्या ब्रह्मपुरीत पडली, तिलाच इस्लामपुरी नाव दिले. या पट्ट्यातले पाटील-देशमुख दोन सत्तांच्या मध्ये सापडले. शिवाजी महाराजांनी वतनदारांचा जोर मोडला होता आणि नवी वतने देण्याचे शक्यतो टाळले होते. राजारामाला ते परवडणारे नव्हते. जिंजीहून सनदा सुटू लागल्या. बादशाहानेही फोडलेल्या माणसांना फर्माने दिली. एकाच गावच्या पाटीलकीची एक सनद मराठ्यांची आणि दुसरी मोगलांची, दोन्ही खऱ्या, दोन्हींवर खरे शिक्के. १७०७ नंतर शाहू महाराज साताऱ्याला स्थिर झाले तेव्हा या सनदा घेऊन माणसे दारात उभी राहिली. अठराव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांतले निवाडे एवढे दाट आहेत ते यामुळे. त्यांत शिरताना दोनच बाजू धरून चालत नाही. कोणाचा बाप कोणत्या वर्षी कोणाच्या चाकरीत होता ते काढावे लागते.

काढायचे तर साल लावता आले पाहिजे. इथे नवे लोक अडतात. बहुतेक कागदांवर शुहूर सन असतो, अरबी शब्दांत, आधी एकम, मग दशक, मग शतक. ‘सबा मया व अलफ’ म्हणजे सात, शंभर आणि हजार, ११०७. त्यात ५९९ मिळवले की १७०६ येते. वर्ष मृगापासून सुरू होत असल्याने जानेवारी ते मे या महिन्यांसाठी ६०० मिळवावे लागतात. म्हणून औरंगजेब वारला तो मार्च १७०७ हा याच सालात पडतो. जोडीला शके, फसली, हिजरी, आणि १६७४ नंतर राज्याभिषेक शक. एकाच कागदात दोन सन असले तर दोन्ही जुळवून पाहायचे. बनावट कागद इथेच सर्वाधिक उघडे पडतात, कारण खोटे लिहिणारा शंभर वर्षे मागचे साल घालतो पण त्याच्याशी वार आणि तिथी जुळवायला विसरतो.

बनावट कागद होते आणि पुष्कळ होते. वतन म्हणजे पोट, आणि पोटासाठी माणसे कागद बनवीत. मुधोळच्या घोरपडे घराण्याची फर्माने हे सर्वांत गाजलेले प्रकरण. १९३४ च्या सुमारास दत्तो वामन आपटे यांनी त्या घराण्याचा इतिहास लिहिताना ती प्रसिद्ध केली आणि भोसल्यांचा मेवाडच्या सिसोदियांशी संबंध त्यांवर उभा राहिला. काही इतिहासकारांनी ती स्वीकारली, अनेकांनी त्यांची भाषा, सन आणि घडण पाहून ती नाकारली. ज्याला आपल्या घराण्याचा शोध घ्यायचा आहे त्याने ही चर्चा नक्की वाचावी, कारण आपल्या घरचा कागद आपल्याला खोटा वाटत नाही. कागद जुन्नरी की दौलताबादी, जोडांवर पाठीमागे शिक्का आहे की नाही, मोर्तब कुठे आहे, मोडीचे वळण सालाशी जुळते का, शिक्क्यावरचा अधिकारी त्या वर्षी त्या जागी होता का, हे प्रश्न भावकीच्या मानापेक्षा वर ठेवायला हवेत. आणि खोटा ठरलेला कागदही फेकू नये. तो ज्या वर्षी बनवला गेला त्या वर्षीच्या घराण्याच्या अडचणीचा तो खरा पुरावा असतो.

नावांचा गोंधळ सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आजोबाचे नाव नातवाला ठेवायची रीत असल्याने एकाच घरात दर दुसऱ्या पिढीला तेच नाव येते. ‘बिन’ लावून बापाचे नाव येते म्हणून थोडे निभावते. आडनाव कित्येक कागदांत नसतेच, असतो तो हुद्दा. आज ज्यांचे आडनाव पाटील किंवा देशमुख आहे त्यांचे मूळ आडनाव एखाद्याच महजरात सापडते. दोन पिढ्या एकत्र गिळल्या गेल्या की वंशावळ पन्नास वर्षांनी चुकते, आणि मग सनदेवरचे साल माणसाच्या वयाशी जुळेनासे होते.

बायकांचे तर नावही बहुधा येत नाही. येते ते विपत्तीत. नवरा लढाईत पडला, मूल लहान, दीर वतनावर बसला, की ती बाई सरकारात उभी राहते आणि तिचे नाव, तिच्या माहेरचे नाव, तिच्या दत्तकाचे नाव कागदावर उतरते. तिच्या नावापुढची बांगडीची निशाणी हाच बहुतेक घराण्यांतला त्या शतकातल्या स्त्रीचा एकमेव हस्ताक्षरवजा पुरावा. वंशावळी छापणारे आजही तिला गाळून बापाखाली दत्तक मुलगा लिहितात. वतन वाचवले कोणी, ते कागदात स्पष्ट असताना हे करणे अन्याय आहे.

या कागदांना इतिहासाचे साधन म्हणून प्रतिष्ठा मिळवून दिली ती विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी. १८९८ पासून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले, गावोगाव हिंडून, दप्तरे उघडायला घाबरणाऱ्या माणसांची समजूत घालून. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले, आणि शिवचरित्र साहित्याच्या खंडांतून शेकडो महजर छापले गेले. न्यायपद्धतीचा व्यवस्थित अभ्यास वि. त्र्यं. गुणे यांनी डेक्कन कॉलेजमधून १९५३ साली इंग्रजीत प्रसिद्ध केला. आजही या कामाला बसणाऱ्याने तो शेजारी ठेवावा. त्र्यंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ १९१५ चा. तो नियमांपेक्षा माणसे दाखवतो.

इंग्रजांनी या कागदांची गरज वेगळ्या कारणाने ओळखली. इनाम जमिनींवर सारा लावायचा तर सनद खरी की खोटी हे तपासायला हवे होते. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि घराघरांतून कैफियती, सनदा, वंशावळी मागवल्या गेल्या. लोकांनी या चौकशीचा धसका घेतला. पण तिच्यामुळे पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमाल एकत्र आले, आणि एकोणिसाव्या शतकातली लेखी वंशावळ बहुतेक वतनदार घराण्यांना तिथेच सापडते. गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्या दप्तरातून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड काढले. स्वातंत्र्यानंतर परगणा आणि कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या, मुलकी पाटीलकी १९६२ च्या. ते व्हायलाच हवे होते. वंशाने मिळणारा अधिकार लोकशाहीत बसत नाही. पण त्या दिवशी घरातला महजर बिनकामाचा झाला आणि मोडी वाचणारा आजोबा गेला की तो रद्दीत, नदीत किंवा चुलीत गेला. आपल्या जिल्ह्याने या वीस-तीस वर्षांत जेवढे गमावले तेवढे दुष्काळात आणि स्वाऱ्यांत गमावले नसेल, असे मला वाटते.

आता वारा पुन्हा फिरला आहे. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि तहसिलांतली मोडी दप्तरे उघडली गेली. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. पंढरपुरात बडवे-उत्पातांच्या वंशपरंपरागत हक्कांचा वाद १९७३ च्या कायद्यापासून २०१४ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत चालला. त्यातही शतकांपूर्वीच्या वहिवाटीचा प्रश्न होता. जुना कागद अजून माणसांच्या आयुष्याला भिडतो आहे. म्हणूनच तो अर्धवट वाचून उपयोगाचे तेवढे उचलायचे नसते.

ज्याला सुरुवात करायची त्याने शिलालेखापासून करू नये. आपल्या सातबारापासून करावी. तिथून फेरफार, तिथून एकोणिसाव्या शतकातली पहिल्या मोजणीची कागदपत्रे आणि इनामाच्या नोंदी, मग पुण्याच्या दप्तरातली कैफियत, मग घरचा किंवा भावकीतला महजर. एकेक पिढी मागे, पुराव्यानिशी. जिथे कागद थांबेल तिथे थांबायचे आणि तसे लिहायचे. आपल्या घरात काही नसेल तर आपण ज्यांच्याशी भांडलो त्यांच्या घरी विचारावे. हरलेल्या पक्षाचे येजितखत जिंकलेल्याकडेच असते, आणि हरलेल्या घराण्याची वंशावळ, त्याची तकरीर, त्याचे साक्षीदार हे सगळे विरोधकाने तीन शतके जपलेले असते. दोन भावक्यांनी बरोबर बसून दोन्हीकडचे रुमाल सोडले तर जे हाती लागेल ते एकट्याच्या हाती कधीच लागणार नाही.

आणि हे काम पाटील-देशमुखांपुरते ठेवू नये. महजर वाचून झाला की बहुतेक जण मूळ पुरुषाची वंशावळ उतरवून घेतात आणि निशाण्यांचे पान तसेच गुंडाळतात. त्या पानावरच्या सुताराचे, न्हाव्याचे, महाराचे, गुरवाचे वंशज त्याच गावात, पुष्कळदा त्याच आळीत राहतात. त्यांच्याकडे कागद नाही, कारण वाद त्यांचा नव्हता. ते साक्षीला आले होते. म्हणून पुढच्या पानांत जिथे जिथे महजर दिला आहे तिथे सह्यांचा भाग न गाळता पूर्ण छापला आहे, आणि शेवटी दोन सूची आहेत. पहिली वतनदार घराण्यांची. दुसरी, आणि पानांनी तिच्याहून मोठी, साक्षीदारांची : नाव, बापाचे नाव, गाव, निशाणी आणि साल.